माळ्यावरचं पिंप आणि आपल्या अडगळीची पार्श्वभूमी

पितृपक्ष लागला की आमच्याकडे एक भांडण ठरलेलं. पक्षात नवीन काही घ्यायचं नाही, शुभकार्य नाही, म्हणून तो पंधरवडा साफसफाईचा, घट बसायच्या आत माळा काढायचाच. मग सगळं खाली येतं, पुसून होतं, अर्ध्या वस्तूंवर वाद होतो आणि संध्याकाळी तेच सगळं जसंच्या तसं परत वर. यंदा मी मुद्दाम मोजलं. काचेच्या रिकाम्या बरण्या १४, धुऊन घड्या घातलेल्या दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा एक, हँडल नसलेला कुकर, वातीचा स्टोव्ह, दोन गाठोडी, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवलेलं आजीचं पितळी पिंप, खाली तोटीवालं, जे उतरवायला दोन माणसं लागतात आणि ज्यात १९८५ नंतर कोणी पाणी भरलेलं नाहीये.

मी म्हणलं काढून टाकू. आई म्हणाली, असू दे गं, अडीनडीला लागतं.

हे "अडीनडीला लागतं" नक्की कुठून आलं ते शोधायला गेले आणि बरंच मागे जावं लागलं. हल्ली डिक्लटरिंग म्हणलं की सगळ्यांना ते जपानहून आल्यासारखं वाटतं, आणि आपल्या आधीच्या पिढीला साठवायची सवयच वाईट होती असं आपण सरळ ठरवून टाकतो. मला काही ते पटत नाही. माझं म्हणणं असंय की जुन्या घरात वस्तू आत यायची वाट अरुंद होती आणि बाहेर जायची वाट चांगली रुळलेली होती. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे उलटं झालं.

जुन्या वाड्यातलं सामान आठवून बघा, निदान ऐकलेलं तरी. धान्य भिंतीतल्या बळदात नाहीतर जमिनीखालच्या पेवात, रोजच्या वस्तू कोनाड्यात, जरा जपायच्या वस्तू फडताळात, कपडे वलणीवर नाहीतर खुंटीला, लोणीतूप शिंक्यावर आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड. उतरंड म्हणजे मडक्यांवर मडकी, मोठं खाली, लहान वर, आणि कुठल्या मडक्यात काय ते घरातल्या बाईला अंधारातही माहीत. लेबलं नाहीत, डबे मॅचिंग नाहीत, तरी ऑर्गनायझिंग होतं की. जागा भिंतीतच बांधलेली असल्यामुळे वस्तू वाढल्या तर ठेवणार कुठे हा प्रश्न आपोआपच सुटायचा. (याला फार गोड करून सांगायला नको, बहुतेकांच्या घरात वाढतील एवढ्या वस्तूच नव्हत्या.)

आणि बाहेर जायची वाट म्हणाल तर एका नऊवारीचंच बघा. सुती लुगडं आधी बाहेर नेसायचं, विटलं की घरात, मधे फाटलं की दोन तुकडे काढून ते परत जोडून शिवायचे, म्हणजे दांड भरायचा, की अजून वर्षभर निघालं, मग त्याची बाळाची दुपटी, उरलेल्याची चौघडी किंवा गोधडी, गोधडी झिजली की त्याचं मसोतं किंवा हातपुसणं, आणि शेवटी सारवायचं पोतेरं. पोतेरं फाटलं की बंबात. म्हणजे लुगडं घरातून बाहेर पडायचं ते राख होऊन, आणि त्या राखेनेही भांडी घासायची. यात टाकून देण्याची पायरी कुठे आहे सांगा.

सणांमधेही ही सोय होती. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतात हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच रात्री उशिरा बऱ्याच घरात सूप वाजवत कानाकोपऱ्यातला केर काढून बाहेर टाकायची पद्धत होती, अलक्ष्मीला म्हणजे अक्काबाईला घराबाहेर घालवायला. कोकणात हीच साफसफाई गणपतीच्या आधी. आणि मोडकी खुर्ची, पाय तुटलेला पाट शिमग्यात होळीत जायचा, कधी मालकाच्या परवानगीने, कधी न विचारता.

मग १८९६ साल येतं. मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला, डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला, आणि पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. त्यानंतर सरकारने जे केलं ते म्हणजे आपल्याकडचं पहिलं सक्तीचं डिक्लटरिंग म्हणायला हरकत नाही, फक्त त्यात घरवाल्याला कोणी विचारलं नाही. मुंबईत अंधाऱ्या खोल्यांची कौलं काढून ऊन आत सोडलं, राहण्यालायक नसलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली सोल्जर थेट माजघरात, देवघरात शिरायचे, सामान रस्त्यावर काढायचे, अंथरूण-पांघरूण जाळायचे, भिंतींना चुना मारायचे. लोकांचा राग रोगावर कमी आणि या घुसण्यावर जास्त होता. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळेत आपण शिकतो, पण त्याच्या मुळाशी लोकांच्या घरातून ओढून काढलेली गाठोडी आणि भांडीकुंडीही होती हे कोणी फारसं सांगत नाही. परक्या माणसाने "हे काढून टाका" म्हणलं की अंगावर काटा येतो तो तेव्हापासूनचा असेल का, मला उगाच वाटतं.

गंमत म्हणजे त्याच १८९७ मधे मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली, आणि १९२३ च्या सुमारास त्यांच्या कारखान्यातून पत्र्याची कपाटं बाहेर पडायला लागली. फडताळ भिंतीत असतं, ते काय सोबत नेता येत नाही. गोदरेजचं कपाट मात्र मुलीच्या लग्नात येऊ लागलं, बदलीच्या गावी ट्रकमधून जाऊ लागलं आणि त्याच्या आतल्या लॉकरमधे काय आहे हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असायचं.

प्लेगमुळेच १८९८ मधे मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या चाळी आल्या, आणि १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या म्हणजे बीडीडीच्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला. एक खोली साधारण १६० चौरस फूट. त्यात एक कुटुंब, पाहुणे, गावाहून आलेला पुतण्या. गिरणगावात तर एकेका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे, आणि प्रत्येकाच्या मालकीचं काय तर एक खुंटी, एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. अशा खोलीत जमिनीवर जागा नाही म्हणल्यावर माणूस वर बघणार, तसा पोटमाळा आला. गावच्या घरात माळ्यावर नारळ, भाताची तूस, लाकडं असायची. मुंबईत आधी माणसं झोपली, आणि माणसं मोठ्या घरात गेली की त्या जागी सामान चढलं. आत्ताच्या फ्लॅटमधे बाथरूमच्या डोक्यावर जो सिमेंटचा खोल कप्पा असतो तो याच पोटमाळ्याचा नातू.

पण माळा भरला तो टंचाईने. १९४३ मधे मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि पुढची चाळीसेक वर्षं साखर, रॉकेल, तेल यातलं काही ना काही कायम रांगेतच मिळायचं. १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, मृणाल गोऱ्यांचा महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा, हे सगळं ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी रिकामा डबा म्हणजे कचरा नव्हता, पुढच्या महिन्याचं रॉकेल कशात आणायचं याचं उत्तर होतं. डालडा १९३७ ला बाजारात आला, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो पत्र्याचा डबा किती घरात काय काय झाला असेल, पिठाचा डबा, बादली, तुळशीची कुंडी. आमच्या आजीकडे त्यात विळी होती, उभी.

आता पिंप. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लकडी पूल बुडाला. आजीचं बिऱ्हाड नारायण पेठेत तळमजल्यावर, त्यांचं सगळं गेलं. कपाट चिखलात आडवं सापडलं, आतल्या साड्या गाळाने एकमेकींना चिकटलेल्या, धुतल्या तरी वास गेला नाही म्हणायची. आणि लोक विसरतात ते हे की खडकवासला फुटल्यामुळे शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला. पूर ओसरला आणि नळ कोरडे! वाड्यांच्या विहिरी उपसायच्या, हंडे आणायचे आणि भरून ठेवायचं. त्या दिवसात आजोबांनी उधारीवर तांबट आळीतून हे पिंप आणलं. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या, हळूहळू वाडे मागे पडले, १९६३ मधे ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, आणि पुणेकर भिंतीतल्या फडताळातून लॉफ्टवाल्या फ्लॅटमधे गेले. ज्या बाईचं घर एकदा एका सकाळीत रिकामं झालंय तिला "एक वर्ष वापरलं नाही तर टाकून द्या" हा नियम तुम्ही समजावून सांगा बघू.

तरीही वस्तू बाहेर जात होत्याच. रद्दीवाला होता, कल्हईवाला होता, मोड म्हणजे जुनी मोडकी भांडी घेणारा होता. आणि बोहारीण. दुपारी जेवणं आटपली की खालून "भांडीऽऽ" अशी हाक, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. या बऱ्याचजणी गुजरातेतल्या वाघरी समाजातल्या. ती शर्टाची कॉलर उलटी करून बघायची, पँटचं बूड उजेडात धरायची, नाक मुरडायची, "ताई अजून एक साडी टाका", आई म्हणायची मग हे पातेलं नको ते दे, ती बोचकं बांधून तीन पायऱ्या उतरायची आणि परत वर यायची. जरीच्या साडीवर तिचा खरा डोळा, कारण जुन्या जरीत चांदी असायची, ती जाळून निघायची. अर्धा तास जायचा पण कपाट हलकं व्हायचं आणि आईला आपण जिंकलो असं वाटायचं, बोहारणीलाही वाटत असणार.

ही वाट कशी बंद झाली तर आधी कापडाने. नायलॉनच्या साड्या, टेरिकॉट, पॉलिस्टर आलं, जे फाटत नाही, विटत नाही आणि पाणीही शोषत नाही. त्याचं दुपटं होत नाही, मसोतं होत नाही, पोतेरं तर नाहीच नाही. मग भांड्यांनी. तांब्या-पितळेची मोड घालून स्टील घेतलं, ते झिजेना, कल्हई नको, आणि मोडीत त्याला पितळेचा भाव नाही. त्यात स्टीलवर नावं घातलेली, "स. भे." आणि तारीख, त्यामुळे कोणाला देताही येईना. मग फाटकांनी. सोसायट्यांना वॉचमन आले, रजिस्टर आलं, बोहारीण फाटकाबाहेरच राहिली.

आणि आत यायची वाट? ती १९९१ नंतर रुंद होत गेली, मॉल, एकावर एक फ्री, मग २०१४ पासून दर दिवाळीला ऑनलाइन महासेल. टंचाईतली साठवायची सवय तशीच राहिली आणि टंचाई गेली. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत तर पिशवीतल्या पिशव्या जपणाऱ्या आयांना "बघ मी म्हणत नव्हते" म्हणायची संधीच मिळाली.

जपानची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती सगळीकडे मिळते. घर आवरण्याच्या पुस्तकांमुळे जगभर गाजलेल्या मारी कोंडो यांच्या आधी, २००९ मधे, हिदेको यामाशिता यांनी "दानशारी" हा शब्द तिथे रुजवला, नको ते आत घेऊ नका, नको ते टाका, मोह सोडा. हा विचार त्यांनी योगाच्या शिकवणीतून घेतला होता, म्हणजे फिरून आपल्याकडेच. दानचा अर्थ त्यात मात्र तोडणं असा आहे, आपलं दान नाही. कोंडोंची नेटफ्लिक्सवरची मालिका जानेवारी २०१९ ला आली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी महिनाभर टीशर्ट उभे घडी घालून ड्रॉवरमधे रचले. २०२३ मधे त्यांनीच सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर पूर्वीसारखं आवरणं होत नाही. माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला.

आपल्याकडे बाहेरची वाट परत उघडायचं काम खरं तर कचरावेचक बायकांनी केलंय. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, त्यातूनच पुढे २००८ च्या आसपास स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, जुने कपडे, गाद्या, बंद पडलेल्या वस्तू गोळा करायचे दिवसही त्या ठेवतात. आमच्या सोसायटीतून त्यांच्याकडे यंदा बरंच गेलं. आणि वरळीच्या बीडीडीत २०२५ च्या ऑगस्टमधे पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा त्यांच्या पोटमाळ्यांवरचं काय काय लिफ्टने वर गेलं असेल ते बघायला मला फार आवडलं असतं.

आमच्या माळ्यावरून शेवटी बरण्या गेल्या, कुकर गेला, स्टोव्ह गेला. पिंपासाठी भंगारवाला आला, काटा लावला, तोटी पितळेची नाही म्हणून तिचे कमी धरले, किलोचा भाव सांगितला आणि आई आत निघून गेली. मग ते माझ्या घरी आणायचं ठरलं. लॉफ्ट उघडला तर आत जागा नव्हती, कारण तिथे मोबाईलचे, मिक्सरचे, राउटरचे रिकामे खोके होते, थर्माकोलसकट, एकूण अकरा. वॉरंटीसाठी ठेवलेत.