मोबाइलचा पासवर्ड आणि ‘साक्षीदार’ या शब्दाचा अर्थ : पार्श्वभूमी

पंचनाम्यात जप्त झालेला मोबाइल पंचांसमोर टेबलावर असतो, तपासी अधिकारी पासवर्ड विचारतो आणि आरोपी गप्प राहतो. त्या गप्प राहण्याला कायद्याचे संरक्षण आहे का, यावर पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात युक्तिवाद होतो तेव्हा तो अखेर संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील ‘साक्षीदार’ या शब्दापाशी येऊन थांबतो. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने या शब्दाचा अर्थ व्यापक केला : साक्षीदार होणे म्हणजे केवळ पिंजऱ्यात उभे राहून बोलणे नव्हे, पुरावा पुरवणेही त्यात येते. १९६१ मध्ये त्याच न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी तो आवळला. ते अपील पुणे ज्याचा भाग होते त्या तत्कालीन मुंबई राज्याचे होते. स्वतःला ठाऊक असलेली माहिती सांगणे ही साक्ष. बोटांचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे ही साक्ष नव्हे, कारण तो फक्त तुलनेसाठी असतो, असे बहुमताचे म्हणणे होते.

सगळा गुंता इथेच आहे. तेव्हाचा ठसा म्हणजे काळ्या शाईत बुडवून कागदावर उमटवलेले बोट. त्यातून ओळख पटत असे, अधिक काही नाही. आज तेच बोट मोबाइलवर टेकले आणि आत साठवलेल्या ठशाशी जुळले की अनेक वर्षांचे संदेश, छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार एकदम उघडतात. अशा बोटाला नुसता नमुना म्हणणे १९६१ च्या तर्कालाच धरून नाही.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारण्याची) आणि लाय डिटेक्टर चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरली, आणि मनातल्या माहितीला असलेले संरक्षण पक्के झाले. तरीही २०२१ मध्ये दक्षिणेतील एका उच्च न्यायालयाने पासवर्ड देणे ही साक्ष नव्हे असे म्हटले. २०२२ मध्ये राजधानीतील एका विशेष न्यायालयाने नेमके उलट ठरवले : पासवर्ड स्मरणातून द्यावा लागतो, म्हणून त्याची सक्ती नाही, बोटाची मात्र करता येते. पुढच्याच वर्षी तेथील उच्च न्यायालयानेही पासवर्डसाठी आरोपीवर जबरदस्ती करता येणार नाही असे सांगितले. पासवर्डविषयीच्या या तीन निर्णयांपैकी एकही महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसल्याने पुण्यात दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निवाडा पुढे करू शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९४ मध्ये डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्क साधने हजर करण्याचा उल्लेख आला. ती उघडून देण्याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही.