सरपणावरची बुरशी आणि लाकडातलं पाणी

रचून ठेवलेल्या सरपणाच्या राशीतून मधलंच एखादं लाकूड उपसून बघा. बाहेरून रास कोरडी ठाक दिसते, पण या लाकडावर हिरवट-करडी भुकटी धरलेली असते. आता त्याचं कापलेलं टोक उजेडात धरा. भुकटी बहुतेक वेळा सालीलगतच्या फिकट कड्यावरच असते, मधला गडद गाभा बराचसा स्वच्छ असतो. जिवंत झाडात पाण्याची ने-आण आणि साखर-स्टार्चचा साठा असतो तो याच फिकट भागात. बुरशीला हवा असलेला खाऊ तिथे आहे. गाभ्यात तो जवळजवळ नसतो, आणि अनेक झाडांच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्यंही असतात.

म्हणजे ही भुकटी लाकूड पोखरत नाही, वरवरची साखर खाते. लाकूड कुजवणारी बुरशी वेगळी. तिच्यातला एक गट लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निनही फोडतो. मग लाकूड पांढुरकं, तंतुमय होतं. दुसरा गट मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे तंतू ज्याचे बनतात ते द्रव्य, संपवतो आणि मागे उरतात तपकिरी, चौकोनी तडे गेलेले तुकडे. ओळखायचं कसं? खिळा टोचून बघा. भुकटी असूनही लाकूड टणक लागलं तर ते जळणाच्या कामाचं आहे. खिळा भसकन आत गेला तर त्यातला जळायचा ऐवज बुरशीने आधीच खाल्लेला आहे.

पण दोन्ही बुरशींना पाणी लागतंच. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं, आणि जळणासाठी ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. ओलं लाकूड पेटवलं की ही उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, आग थंड राहते आणि धूर होतो. बुरशी दिसली तर लाकूड अजून ओलं आहे, किंवा पुन्हा ओलावलं आहे, हे धरून चाला.

म्हणूनच ब्लीच शिंपडण्याचा उपाय मला मुळीच पटत नाही. त्यातलं औषध पृष्ठभागावर राहतं आणि पाणी आत मुरतं. शिवाय असं लाकूड पुढे आपण जाळणार आहोत! दुसरी चूक त्याहून सर्रास होते: अख्खी रास ताडपत्रीत गुंडाळणं. लाकडातून निघालेली वाफ आत कोंडते, ताडपत्रीच्या आतल्या बाजूवर थेंब धरतात आणि तेच पुन्हा लाकडावर पडतात.

खरा इलाज वारा. लाकडं फोडून घ्या, कारण साल पाणी अडवून धरते. रास जमिनीवर थेट न लावता आडव्या दांड्यांवर उचलून, शक्यतो एकेरी रांगेत लावा आणि भिंतीपासून दूर ठेवा. लाकडातलं पाणी आडवं जाण्यापेक्षा तंतूंच्या दिशेने, म्हणजे टोकांकडे, कितीतरी पट वेगाने सरकतं. तेव्हा कापलेली टोकं वाऱ्याच्या बाजूला असू द्या. झाकायचं ते फक्त वरून, चारही बाजू मोकळ्या.

बुरशी धरलेली लाकडं घरात साठवू नका. हलवताना बीजाणू हवेत उडतात, आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्याला त्याचा खरोखर त्रास होतो. झटकायचीच असतील तर बाहेर, नाकातोंडावर चांगला मास्क लावून. अंगणात उन्हावाऱ्यात वाळवून, जाळायच्या वेळी लागतील तेवढीच आत आणावीत.

वाळलं की नाही हे वजनावरून नीट कळतं. एका लाकडावर खूण करून ते दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं, आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटल्यावर बद्द आवाजाऐवजी खणखणीत ठोका आला, की जळण तयार. ओलावा मोजायचा मीटर असेल तर लाकूड नव्याने फोडून आतल्या बाजूला लावा. बाहेरची बाजू नेहमीच आतल्यापेक्षा आधी सुकते.