६३० व्होल्टचा साधा आणि २७५ व्होल्टचा सेफ्टी: व्हॉल्व्ह रेडिओत कुठला कंडेन्सर कुठे?

जुना व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ दुरुस्तीला घेतला की मेणातले कागदी कंडेन्सर सरसकट बदलावेत. कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो, म्हणजे जी डीसी वीज अडवायची ती झिरपू देतो, वरून कितीही धडधाकट दिसला तरी. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ०.०१ मायक्रोफॅरडचा मागितला, तर दोन सारखेच चौकोनी ठोकळे समोर येऊ शकतात. एकावर ६३० व्होल्ट, दुसऱ्यावर २७५ व्होल्ट आणि बारीक शिक्क्यांची गर्दी. साहजिकच मोठ्या आकड्याचा उचलला जातो. रेडिओत बहुतेक ठिकाणी तोच योग्य असतो, पण मेन्सच्या, म्हणजे घरातून येणाऱ्या विजेच्या, तारेवर तो जिवावर बेतू शकतो.

६३० हा आकडा डीसीचा आहे आणि २७५ एसीचा. आपल्या २३० व्होल्ट मेन्सचं शिखर ३२५ व्होल्ट, म्हणजे कागदावर ६३० पुरून उरतो. पण कंडेन्सरच्या आतल्या प्लॅस्टिक फिल्मच्या थरांत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहिलेल्या असतात. एसीखाली त्यांत सतत बारीक विद्युत्स्राव होऊन धातूचा थर झिजतो. त्यामुळे ६३० डीसीवाल्याची एसी मर्यादा सहसा २५० च्या आसपास किंवा त्याखालीच असते. शिवाय वीज कडाडली किंवा शेजारचा पंप बंद झाला की लाइनवर हजार-दोन हजार व्होल्टचा झटका क्षणभर येऊन जातो. २७५ वाला सेफ्टी कंडेन्सर, म्हणजे शिक्क्यांत एक्स२ लिहिलेल्या वर्गाचा, अडीच हजार व्होल्टच्या झटक्याला तपासलेला असतो आणि त्याचं आवरण सहजी पेट घेत नाही.

आता या शिक्क्यांतही एक घोळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. एक्स२ मेन्सच्या दोन तारांमध्ये बसवायचा. तो शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो, विषय संपला. बऱ्याच जुन्या सेटमध्ये मात्र एक कंडेन्सर मेन्सच्या तारेपासून थेट चॅसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, गेलेला असतो. तो शॉर्ट झाला तर फ्यूज शाबूत राहतो आणि चॅसीवर फेज येतो. तिथे वाय२ या दुसऱ्या सेफ्टी वर्गाचाच हवा. तो पाच हजार व्होल्टच्या झटक्याला तपासलेला असतो आणि शॉर्ट होण्याची शक्यता अगदी कमी राहील असाच बनवलेला असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये चॅसी मुळातच मेन्सला जोडलेली असते, म्हणून तिथे एरियल आणि अर्थच्या सॉकेटमागचे कंडेन्सरही वाय२ घ्या.

इथे कंडेन्सरचा मायक्रोफॅरडचा आकडाही वाढवू नये. ०.०१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टवर साधारण ०.७ मिलिअँपिअर वाहतो. ०.१ लावला तर सात मिलिअँपिअरच्या वर, आणि चॅसीला हात लागला की जोरदार शॉक.

मेन्सपासून लांब, सेटच्या आतल्या बाजूला ६३० वालाच लावा. तिथली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर. तो आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ देतो आणि प्लेटवरचा डीसी अडवतो. प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहमचा आहे आणि कंडेन्सरची गळती १० मेगओहमच्या रेझिस्टरइतकी आहे असं धरा. ग्रिडवर साडेचार व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हला ग्रिडवर सात-साडेसात व्होल्टचा निगेटिव्ह बायस (प्रवाह आवरणारा स्थिर दाब) लागतो. त्यातला मोठा भाग यातच खाल्ला जातो. आवाज फाटतो, व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तसा नवा मिळवणं किती कठीण, हे शोधाशोध केलेल्यालाच ठाऊक.

जुना कपलिंग कंडेन्सर गळतोय का, हे बघायचं असेल तर सेट बंद करून, पॉवर सप्लायमधले मोठे फिल्टर कंडेन्सर रिकामे करून त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवा. मग सेट चालू करून त्या सुट्या टोकापासून चॅसीपर्यंत डिजिटल मीटरवर डीसी व्होल्ट मोजा. सुरुवातीला आकडा उसळून खाली येईल. तो शून्याच्या जवळ न जाता काही व्होल्टवर अडून राहिला, तर कंडेन्सर गेला. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटवर हे मोजमाप सेटला मेन्सपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच करा.