अक्षराआधी हात: अंध बालकांच्या खेळण्यांची पार्श्वभूमी

अंध मुलांच्या हाती काहीतरी द्यायला हवं, हा विचार सुरू झाला तो खेळासाठी नव्हे, वाचनासाठी. १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आवी यांनी उठावाची अक्षरं छापून मुलांना बोटांनी वाचायला शिकवलं. पुढे आवींनीच काढलेल्या अंधशाळेत शिकलेल्या लुई ब्रेलनं १८२४च्या सुमारास सहा टिंबांची लिपी तयार केली. अमेरिकेत बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत १८३७ साली लॉरा ब्रिजमन आली. सात वर्षांच्या या मुलीला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. शाळेचे प्रमुख सॅम्युअल हाउ यांनी चमचा, किल्ली, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग चिठ्ठ्या सुट्या करून त्या योग्य वस्तूवर ठेवायला लावल्या आणि शेवटी अक्षरंच विस्कटून दिली. तिनं ती जुळवली. माझ्या मते स्पर्शातून शिकवणाऱ्या खेळाचा हा फार सुंदर नमुना आहे, कारण इथे वस्तू खऱ्या होत्या. प्लॅस्टिकची बोटभर गाय डोळस मुलाला गाय वाटते. जिनं गाईच्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही, तिला तो चार टोकांचा तुकडाच.

मारिया मॉन्टेसरी यांची खरखरीत कागदाची अक्षरं अंध मुलांसाठी बनलेली नव्हती, तरी बोटांनाही शिकवता येतं हे त्यांनी डोळस शाळांना पटवून दिलं. ताराबाई मोडकांमुळे ही पद्धत आपल्या बालवाड्यांत रुजली.

तान्ह्या मुलांकडे लक्ष जायला मात्र विसावं शतक बरंच सरावं लागलं. सेल्मा फ्रायबर्ग यांनी अमेरिकेत अंध बाळांचं निरीक्षण केलं. खुळखुळा वाजला की अंध बाळ लगेच हात पुढे करत नाही. आवाज जिथून येतो तिथे धरता येईल अशी वस्तू आहे, हे उमगायला त्याला वर्ष संपत येतं. म्हणजे नुसतं वाजणारं खेळणं पुरत नाही. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी यावर ‘छोटी खोली’ बनवली. बाळ आडवं पडेल एवढी पेटी, आत लवचीक दोरीनं टांगलेल्या वस्तू. सुटलेली वस्तू घरंगळून नाहीशी होत नाही, हात परत नेला की तिथेच सापडते. मोठ्यांनी हात धरून काही करवून घ्यायचं नाही, ही त्यांची अट मला सगळ्यात मोलाची वाटते.

लेगोच्या ब्रेल ठोकळ्यांची कल्पना २०११मध्ये डेन्मार्कच्या अंध संघटनेनं मांडली, २०१७मध्ये ब्राझीलच्या दोरीना नोविल संस्थेनं पुन्हा मांडली. २०२० पासून ते शाळा-संस्थांना मिळू लागले आणि २०२३मध्ये कुणालाही विकत मिळू लागले. ठोकळ्यावरची टिंबं म्हणजे ब्रेल अक्षर, खाली तेच अक्षर छापलेलं, म्हणजे डोळस भावंडालाही खेळता येतं. १९५१च्या भारती ब्रेलमध्ये ‘क’ची टिंबं इंग्रजी ‘के’चीच आहेत, ‘म’, ‘ल’, ‘स’ यांचंही तसंच. त्यामुळे बरेच ठोकळे मराठीतही चालतात. फक्त छापलेलं अक्षर रोमन राहतं, आणि शेजारी बसलेल्या आजीला तेच वाचता यायला हवं, तर त्यावर देवनागरी अक्षर चिकटवायला हवं.