पगाराच्या आकड्याला कर्तबगारीचं वजन कसं आलं

१९३० साली एका खटल्यात बेथलेहेम स्टील या अमेरिकी पोलाद कंपनीचे अध्यक्ष यूजीन ग्रेस यांची कमाई चव्हाट्यावर आली. पगार वर्षाला १२ हजार डॉलर. १९२९ चा बोनस मात्र १६ लाखांच्या वर. भागधारकांचे डोळे पांढरे झाले. तोवर अध्यक्षाला किती मिळतं हे संचालक मंडळाबाहेर सहसा कुणाला कळतच नसे, मग त्यावरून त्याची लायकी कोण जोखणार? १९३४ च्या रोखे कायद्याने बड्या अधिकाऱ्यांचे आकडे जाहीर करणं भाग पाडलं. जनाची नाही तरी भागधारकांची लाज वाटेल, अशी आशा होती.

पण आकडा दिसला की तुलना आलीच. ‘इतर कंपन्या किती देतात’ हे पाहून पगार ठरू लागले. आमचा प्रमुख सरासरीहून खालचा, असं कुठलं संचालक मंडळ चारचौघांत कबूल करेल? सगळेच सरासरीच्या वर बसायला निघाले आणि सरासरीच वर सरकत राहिली.

१९९३ मध्ये अमेरिकेने बड्या अधिकाऱ्यांच्या १० लाख डॉलरवरच्या पगारावर कंपन्यांना करवजावट नाकारली, फक्त ‘कामगिरीशी जोडलेला’ मोबदला वगळला. कंपन्या शेअर ऑप्शनकडे, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काकडे, आणखी झुकल्या. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: रकमेवर ‘कामगिरी’ असं लेबल लागलं, आणि रक्कम मोठी म्हणजे कामगिरी मोठी, हा उलटा हिशेब सोपा झाला.

तो आपल्याला का पटतो, याचं उत्तर संशोधक जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दिलं होतं. कंपनीचं फार चांगलं किंवा फार वाईट झालं की लोक बाजार, नशीब सारं विसरून नेत्याकडे बोट दाखवतात. पुढे २००१ मध्ये अर्थतज्ज्ञ मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी तेल कंपन्या तपासल्या. कच्चं तेल महागलं की प्रमुखांची कमाई वाढत होती. तेलाचा भाव काही त्यांच्या हातात नव्हता.

कमी पगाराचंही तसंच. क्रायस्लर ही अमेरिकी मोटार कंपनी बुडायला आली तेव्हा तिचे प्रमुख ली आयकोका यांनी वर्षाला १ डॉलर पगार घेतला आणि त्यागी नेता म्हणून नाव कमावलं. कंपनी सावरली. १९८६ मध्ये, शेअर ऑप्शन धरून, त्यांची कमाई २ कोटी डॉलरच्या घरात होती.