टिनाच्या छताखाली गेम कंट्रोलरची बॅटरी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नेहमीचंच. टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही जास्त तापमान असतं. सोनीने प्लेस्टेशन या गेम खेळण्याच्या यंत्राच्या (कन्सोलच्या) कंट्रोलरसोबत, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या रिमोटसोबत, दिलेल्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी १० ते ३० अंश सेल्सिअस तापमान सुचवलं आहे. म्हणजे भर उन्हाळ्यात विदर्भातल्या खेड्यात ही अट पाळली गेलीच, तर फक्त पहाटे. वायरलेस कंट्रोलर घेताना ‘किती तास चालतो?’ हे सगळेच विचारतात. इथे मात्र तो केव्हा, कुठे आणि कशावर चार्ज करायचा, याचं उत्तर आधी शोधायला हवं. बॅटरी दोन वर्षं टिकणार की पाच, हे त्यावरच ठरतं.

तरीही आधी तासांचा हिशेब पाहू. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ मध्ये १,००० मिलीअँपिअर-तासांची, ३.६५ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते. गुणाकार केला की ऊर्जा निघते ३.६५ वॉट-तास. निन्टेंडो स्विचच्या प्रो कंट्रोलरमध्ये १,३०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४.८ वॉट-तास. बॅटरी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने मोठी, पण प्रो कंट्रोलर कंपनीच्या आकड्यानुसार सुमारे ४० तास चालतो आणि ड्युअलशॉक चार ते आठ तासांत मान टाकतो. प्रो कंट्रोलरचा सरासरी खर्च ०.१२ वॉट, ड्युअलशॉकचा साधारण ०.६ वॉट, म्हणजे जवळपास पाचपट. ड्युअलशॉकमध्ये पुढे सतत जळणारी दिव्याची पट्टी आहे, स्पीकर आहे, टचपॅड आहे, आणि रेडिओ फार वेळा माहिती पाठवतो. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सची बॅटरी १,५६० मिलीअँपिअर-तासांची आहे. पण त्यात ट्रिगरला विरोध देणाऱ्या मोटारी आणि बारीक कंपनं वाढली, त्यामुळे वाढलेली बॅटरी बरीचशी तिकडेच जाते. डब्यावरचा मिलीअँपिअरचा आकडा एकटा पाहून कंट्रोलर घेऊ नये, ते इतक्याचसाठी.

हा खर्च कमी करता येतो. ड्युअलशॉकची पट्टी सेटिंगमध्ये जाऊन मंद करा. पूर्ण बंद होत नाही, पण मंद केली तरी फरक पडतो. कंपन बंद किंवा कमी करा, स्पीकरचा आवाज खाली आणा. न वापरता पडलेला कंट्रोलर १० मिनिटांत आपोआप बंद होईल असं ठेवा. मोबाईलला ब्लूटूथने जोडला असेल तर ही सेटिंग लागू होईलच असं नाही. तिथे खेळ संपल्यावर मधलं पीएस बटण सुमारे १० सेकंद दाबून धरा, दिवा विझला की कंट्रोलर बंद. गेम मिनिमाईज करून फोन खिशात टाकला आणि कंट्रोलर गादीवर तसाच जळत राहिला, ही बॅटरी उतरण्याची फार मोठी वाट आहे.

आता उष्णतेकडे. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटच्या ऋण टोकावर एक पातळ थर असतो. तो पहिल्या काही चार्जिंगमध्ये तयार होतो, आणि तो असल्यामुळेच बॅटरी सुरक्षित चालते. पण तापमान वाढलं की हा थर जाड होत जातो, आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. तेवढं लिथियम पुढे कधीच कामाला येत नाही. यात दुसरी भर पडते ती पूर्ण चार्जची. ४.२ व्होल्टवर भरलेल्या बॅटरीत ही अभिक्रिया सगळ्यात वेगाने होते. बॅटरीच्या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे आकडे पाहा: ४० टक्के चार्ज ठेवून वर्षभर २५ अंशांत ठेवलेल्या बॅटरीत सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. तीच शंभर टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्के. आणि वर्षभरात ती एकदाही वापरलेली नसते! रोज दोन तास खेळणाऱ्याचं ड्युअलशॉक आठवड्याला दोन-तीनदा चार्ज होतं. ३०० ते ५०० पूर्ण चक्रं (एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरणं म्हणजे एक चक्र) टिकणारी बॅटरी त्या हिशेबाने अडीच ते चार वर्षं चालायला हवी. आपल्याकडे ती दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच तास-दीड तासावर येते, ती चक्रं संपल्यामुळे कमी आणि तापल्यामुळे जास्त.

म्हणून मार्च ते जून चार्जिंगची वेळ पहाटे चार ते सातची ठेवा. त्या वेळी खोली सगळ्यात थंड असते. गावातली लाईनही त्या वेळी बरी असते, संध्याकाळसारखी डिम नसते. ड्युअलशॉक रिकाम्यापासून भरायला साधारण दोन तास लागतात, ड्युअलसेन्सला तीन आणि प्रो कंट्रोलरला सहा. रात्री झोपताना लावून सकाळपर्यंत ठेवण्याची सवय इथे दोनदा नुकसान करते: एकतर रात्री अकराला टिन अजून गरमच असतं, आणि बॅटरी भरल्यावर उरलेले तास ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत उकाड्यात पडून राहते. टक्के दिसत असतील तर ८० वर थांबवा. दिसत नसतील तर घड्याळ लावा. चार्जिंगच्या पहिल्या टप्प्यात बॅटरी झपाट्याने भरते, शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी होतो. त्यामुळे एकूण वेळेच्या साधारण दोन तृतीयांशात काढली, तरी खेळायला पुरेसा चार्ज मिळतो.

चार्ज होताना कंट्रोलर गादीवर, उशीखाली किंवा टीव्हीच्या डोक्यावर नको. फरशीवर किंवा शहाबादीवर, भिंतीच्या सावलीत ठेवा. मातीच्या भिंतींचं जुनं माजघर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत ओल असते, कधी पाण्याचे तुषारही येतात. ते यूएसबीच्या तोंडात गेले की आतले संपर्कबिंदू हिरवे पडतात. फ्रिजमध्ये ठेवून थंड करणं तर त्याहून वाईट. बाहेर काढल्याबरोबर आतल्या सर्किटवर दव जमतं.

लाईनीचा प्रश्न वेगळा. डीपीवर फॉल्ट होऊन न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात दिवे एकदम लख्ख होतात. त्या क्षणी सॉकेटमध्ये २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्ट असू शकतात. बहुतेक यूएसबी चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी १६० व्होल्ट आले तरी चार्जिंग सुरू राहतं. चार्जर मरतो तो जास्त व्होल्टेजने. लाईन गेली की चार्जर काढून ठेवा आणि आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून लावा.

कंट्रोलर चार्ज करण्यासाठी इन्व्हर्टरवर अवलंबून राहणं शहाणपणाचं नाही. कंट्रोलर घेतो चार-पाच वॉट, आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच त्याहून अधिक खातो. लाईन असताना पॉवर बँक भरून ठेवणं कितीतरी बरं. १०,००० मिलीअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्टवर त्यातले ५,५०० ते ६,५०० च मिळतात, आणि तेही मागे बारीक अक्षरात लिहिलेले असतात. म्हणजे हाती येतात सुमारे ३० वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरून त्यात ड्युअलशॉक सहा वेळा, ड्युअलसेन्स चार वेळा भरतो. आठवडाभराच्या भारनियमनाला एवढं पुरतं. पॉवर बँक आणि चार्जरवर आयएस १३२५२, आणि सुटी लिथियम बॅटरी घेताना आयएस १६०४६ या भारतीय मानकाचा उल्लेख व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या चार्जरवर तो नसतो.

सोलर पॅनलवर थेट चार्जिंग करणारेही आहेत. त्यात गडबड अशी होते की ढग आला की व्होल्टेज पडतं, चार्जिंग तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि कंट्रोलर पॅनलजवळ उन्हातच पडलेला असतो. पॅनल उन्हात, त्यावर पॉवर बँक भरा, तीही लांब वायर टाकून सावलीत. मग संध्याकाळी तिच्यावरून कंट्रोलर.

मोबाईलचा ६७ वॉटचा फास्ट चार्जर लावला तर कंट्रोलर जळेल का? नाही. चांगला चार्जर समोरच्याने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि प्रवाह किती घ्यायचा हे कंट्रोलरमधलं चार्जिंग सर्किट ठरवतं. ड्युअलशॉक ८०० मिलीअँपिअरच्या वर घेतच नाही. उलट अडचण अनेकदा येते. स्वस्त कंट्रोलरला दोन्हीकडे यूएसबी-सी टोक असलेली केबल लावली की काहीच होत नाही, आणि लोक कंट्रोलर खराब झाला म्हणून दुकानात नेतात. सी पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रोधक (रेझिस्टर) असावे लागतात. ते पाहूनच चार्जर वीज सोडतो. पैसे वाचवायला हे रोधक गाळलेले असतात. अशा कंट्रोलरला जुन्या चौकोनी टोकाची, म्हणजे ए-टू-सी केबल लावा, लगेच चार्ज होईल.

केबलचं आणखी एक. काही केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या तारा नसतात. त्यांनी चार्जिंग होतं, पण कन्सोलशी पहिली जोडणी होत नाही. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून सहसा ५०० मिलीअँपिअरच मिळतात आणि टीव्ही बंद केला की तेही थांबतात, त्यामुळे तिथे दोन तासांचं काम चार तासांवर जातं. आणि कापसाच्या हंगामात घरात कापूस भरलेला असेल, तर पोर्टमध्ये तंतू दडपून बसतात व पिन शेवटपर्यंत जात नाही. कंट्रोलर बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको.

या सगळ्या कटकटीवर सरळ तोडगा म्हणजे सुट्या सेलवर चालणारा कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन डबल-ए, म्हणजे पेन्सिल सेलवर चालतो, आणि खेड्यातल्या घरासाठी आमची पसंती यालाच. चांगल्या अल्कलाईन सेलवर तो ४० तासांपर्यंत चालतो असं मायक्रोसॉफ्ट सांगते. पण किराणा दुकानात घड्याळासाठी मिळतो तो साधा झिंक-कार्बन सेल. त्याची क्षमता बरीच कमी. कंपन सुरू झालं की त्याचं व्होल्टेज दबतं आणि भर खेळात कंट्रोलर तुटतो. शिवाय त्याचा जस्ताचा डबाच अभिक्रियेत झिजतो, म्हणून तो लवकर पाझरतो.

घ्यायचे ते निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल, तेही कमी स्व-विसर्गाचे, म्हणजे नुसते पडून राहिले तरी लवकर न उतरणारे, २,००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपासचे. दोन जोड्या घ्या. एक कंट्रोलरमध्ये, एक भरून डब्यात. एक जोडी साधारण २५ ते ३० तास जाते. सेलवर ४,००० च्या पुढचा आकडा लिहिला असेल तर तो खोटा. या आकारात २,८०० च्या आसपास मर्यादा येते. दोन्ही सेल एकाच वयाचे, एकाच कंपनीचे हवेत. एक जुना एक नवा घातला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्यातून प्रवाह ढकलतच राहतो, त्यामुळे जुना उलटा चार्ज होऊन मरतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा, आपोआप थांबणारा घ्या. आपोआप न थांबणारा २०० मिलीअँपिअरचा चार्जर असेल तर रिकामे सेल १४ ते १६ तासांत काढलेच पाहिजेत. हे सेलसुद्धा ४० अंशांच्या वर नीट भरत नाहीत, आलेली वीज उष्णतेत जाते. त्यामुळे पहाटेचा नियम इथेही लागू. आणि लक्षात घ्या, या कंट्रोलरला यूएसबी केबल लावली तर तो केबलवर चालतो, आतले डबल-ए सेल मात्र भरत नाहीत. केबलने भरायचं तर कंपनीचा वेगळा बॅटरी पॅक लागतो.

सेल पाझरला असेल तर पांढरी पूड आधी कोरड्या ब्रशने झाडा. अल्कलाईनची पूड क्षारीय असते, कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून पुसा. झिंक-कार्बनची आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी. मग स्वच्छ पाण्याचा ओला बोळा फिरवून पूर्ण सुकू द्या.

परीक्षेमुळे महिना-दोन महिने कंट्रोलर बंद राहणार असेल तर लिथियमची बॅटरी अर्धी भरून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत नको. डबल-ए सेल काढूनच ठेवा.

ड्युअलशॉकची बॅटरी बदलणं घरी जमतं. मागचे चार स्क्रू बारीक फिलिप्स पेचकसाने काढा, खालच्या बाजूने कवच हळूच सोडवा. दोन भागांना जोडणारी पातळ रिबन फाटू देऊ नका. बॅटरीची तार प्लास्टिकच्या टोकाला धरून ओढा, तारेला नाही. नवी मागवण्याआधी मागचा मॉडेल क्रमांक पाहा. त्यात झेडसीटी१ असलेल्या जुन्या आणि झेडसीटी२ असलेल्या नव्या कंट्रोलरच्या बॅटरीचं टोक वेगवेगळ्या मापाचं असतं.

कवचाची फट उघडी दिसू लागली किंवा टचपॅड वर आला, तर बॅटरी फुगली आहे. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. काढून कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. कचऱ्याच्या ढिगात टाकू नका, कारण तो ढीग कोणीतरी पेटवतो आणि अशी बॅटरी आगीत स्फोटासारखी पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तालुक्याच्या ठिकाणी ज्या दुकानातून नवी घेता, तिथे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर जुनी द्या, आणि नेताना तिच्या टोकावर चिकटपट्टी लावा.