पोहण्याची पुस्तकं आणि बोटीवरची वही

समुद्र पोहून गेलेल्यांच्या आत्मकथनांत एक माणूस हमखास असतो आणि वाचक त्याच्याकडे लक्षही देत नाहीत. सोबतच्या बोटीत वही घेऊन बसलेला निरीक्षक. पाणी किती गार, मिनिटाला किती हात, पोटात काय गेलं, उलटी झाली का, सगळं तो वेळ टाकून लिहितो. पुस्तक पुढे काहीही सांगो, पोहणं मान्य होतं ते या वहीवर.

१८७५ साली इंग्लिश खाडी पहिल्यांदा पार झाली तेव्हा बोटीत पत्रकार होते, तेवढं पुरलं. अंगाला तेल चोपडून, ब्रेस्टस्ट्रोकने, २१ तास ४५ मिनिटं.

वहीचं महत्त्व पटलं ते १९२७ मध्ये. एका डॉक्टरबाईंनी खाडी पार केल्याचं सांगून बक्षीस पटकावलं आणि मग स्वतःच कबूल केलं की ते खोटं होतं. देखरेख किती ढिली आहे ते दाखवायचं होतं म्हणे! त्याच महिन्यात खरोखर पोहलेली दुसरी बाई विनाकारण संशयात सापडली, तिला पुन्हा पाण्यात उतरावं लागलं. निरीक्षक नेमणारी संस्था त्याच वर्षी उभी राहिली.

खरा घोळ ‘विनासाहाय्य’ या शब्दाचा. एकटीच पोहली, असा अर्थ आपण घेतो. तसं नसतं. बोट, नावाडी, दोरीला बांधून फेकलेली बाटली, सगळं चालतं. बोटीला किंवा माणसाला धरलं की संपलं. २०१३ मध्ये क्यूबा ते फ्लोरिडा सुमारे ५३ तासांत पोहलेल्या ६४ वर्षांच्या अमेरिकन बाईंवर वाद झाला तो इथेच. विषारी बॉक्स जेलीफिशपासून वाचायला रात्री मुखवटा आणि अंगभर सूट. तो चढवताना सोबतच्यांचा हात लागला. समर्थकांचं म्हणणं, सूटने वेग वाढत नाही, उलट पाण्याची ओढ बसून तो कमी होतो. मुद्दा पटण्यासारखा आहे. पण नियम आधी जाहीर नव्हते आणि निरीक्षकांच्या नोंदींत काही तासांचा खंड होता. सूटपेक्षा मला हा खंड जास्त खटकतो.

त्यांचं आत्मकथन २०१५ मध्ये आलं. २०२३ मध्ये त्याच पोहण्यावर चित्रपट आला आणि त्याच वर्षी, दहा वर्षं उलटल्यावर, खुल्या पाण्यातल्या पोहण्याची दखल घेणाऱ्या एका संस्थेने कागदपत्रं तपासून मान्यता नाकारली.